वाडा द्यावा, जमीन देऊ नये



खोडव्याचे व्यवस्थापन, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त आणि लागणीच्या नोंदी हे या पानावरचे माझे ठरलेले विषय. या अंकात थोडी वाट सोडून चाललो आहे, त्याला कारण घडले. गेले दोन हंगाम गट ऑफिसात उसाच्या चौकशीबरोबर एक निराळीच चौकशी येते आहे. “साहेब, मुंबईची दोघं आलीत. नवराबायको. चित्रं काढतात म्हणं. आमचा मागचा वाडा भाड्यानं मागत्यात. द्यावा का?” दुसऱ्या एका गावात पुण्याचा मूर्तिकार बंद पडलेल्या गुऱ्हाळाची शेड बघून गेला. तिसऱ्या ठिकाणी तर वाड्याबरोबर विहिरीकडेचा दहा गुंठ्यांचा तुकडाही मागितला, आणि भावाचा आकडा ऐकून घरातल्या थोरल्याची झोप उडाली. ऊस विकास अधिकाऱ्याला चित्रकलेतले काय कळते, हा प्रश्न रास्त आहे. पण शिवारात रोज फिरणारा माणूस म्हणून लोक मलाच विचारतात. एकेकाला बांधावर उभे राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेले बरे.

माझे मत आधी सांगतो, कारणे मागून देतो. वाडा जरूर द्यावा. शेड असेल तर तीही द्यावी, मात्र लेखी करार करून. जमीन विकू नये. आणि देणाऱ्याने आपण कुणावर मेहेरबानी करतो असे समजू नये, तसे घेणाऱ्यानेही समजू नये.

ही माणसे शहर सोडून येतात ती हवापाण्यासाठी, असे आपल्याकडे समजतात. हवापाणी असेलच. पण मुख्य अडचण जागेची आहे. सहा फुटी चित्र काढायचे तर दहा-बारा फूट मागे सरकून ते बघावे लागते. मुंबईत दहा-बारा फूट मागे सरकायचे म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचे! मूर्तिकाराला उंची लागते, धूळ उडते, आवाज होतो. त्याने दगडाला छिन्नी लावली की सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा. खोलीचे भाडे पहिल्या तारखेला द्यायचे, मग चित्र विकले जावो अगर न जावो. आपल्या उसाला निदान काटा आहे, पावती आहे, गाळप झाल्यावर हप्ता आहे. हप्ता किती आणि कधी, यावर सभासद सर्वसाधारण सभेत बोलतातच, ते येथे नको. पण चित्रकाराच्या मालाला काटाच नाही.

मुंबईतही एके काळी यावर तोड निघाली होती. १९५० च्या दशकात समुद्राकाठी भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या जागेत कलावंतांना काम करायला खोल्या मिळत. वासुदेव गायतोंडे तेथे चित्रे काढीत, हुसेन काढीत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तेथेच होत, रविशंकरांचा सतारीचा वर्गही तेथे चाले. पुढे ती संस्था बंद झाली, आणि त्या जागेवर उंच इमारत उभी राहिली. समुद्राकाठच्या जमिनीचा भाव वाढल्यावर चित्रांना तेथे कोण ठेवतो? गायतोंडे पुढे दिल्लीला गेले. आज त्यांच्या एकेका चित्राला कोट्यवधी रुपये मोजतात, म्हणजे तो पैसा त्यांच्या माघारी आला.

कलावंताने शहर सोडणे ही काही आजची टूम नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजीच्या देवघरात कमळात उभी चार हातांची लक्ष्मी होती, शेजारी हत्ती. रविवर्म्याची लक्ष्मी. ती चित्रे छापण्यासाठी राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार केला. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. मळवली म्हणजे रेल्वे लाइनीवरचे खेडे. तेथे दगडावरून रंगांचे एकेक हात मारून लक्ष्मी, सरस्वती छापल्या गेल्या आणि बाजाराच्या पेठांतून खेडोपाडी घरांत गेल्या. छापखाना पुढे एका जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ साली आगीत जळाला. मला एवढेच दाखवायचे आहे की, जे चित्र आपण मुंबईचे म्हणून भिंतीला लावले ते मावळातल्या एका खेड्यातून आले होते.

तसेच फैजपूरचे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते खानदेशातल्या फैजपूरला. मांडव आणि कमानींची सजावट महात्माजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांवर सोपविली. नंदबाबूंनी शहरातून सामान मागविले नाही. बांबू आणि गवत असे जवळपास मिळेल ते वापरून त्यांनी ते नगर सजवले. खेड्याचा आणि कलेचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पण ही चार दिवसांची कामे झाली. कायमचे येऊन राहायचे म्हटल्यावर कसे करावे, याचा नमुना पाहायचा तर मद्रासकडे जावे लागते.

उसाचे बेणे आपण कोइमतूरचे लावतो. को ७४० तिकडून आली, को ८६०३२ तिकडूनच आली. तेव्हा त्याच प्रांतातला हा दुसरा नमुना समजावा.

मद्रासच्या सरकारी कला आणि हस्तकला विद्यालयाचे प्राचार्य होते के. सी. एस. पणिक्कर. स्वतः नामांकित चित्रकार. त्यांचे विद्यार्थी हुशार, पण शिक्षण संपले की पुढे काय? कोणी कापडाच्या गिरणीत नक्षी काढायला जाई, कोणी कारकुनी धरी, आणि चार वर्षांत हात मोडून जाई. कृषी पदविका घेऊन बाहेर पडलेल्या आमच्या कित्येक सोबत्यांचे असेच झाले, म्हणून मला हे लौकर समजते. पणिक्करांनी सरकारकडे अर्जविनंत्या करीत बसण्याऐवजी मुलांना हाताशी धरले. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत कलावंतांची हस्तकला संघटना उभी केली. तिचे मुख्य उत्पादन बाटिकचे कापड. कापडावर मेणाने नक्षी काढायची, मग ते रंगात बुडवायचे. जेथे मेण असेल तेथे रंग चढत नाही. पुन्हा मेण, पुन्हा रंग. हे कापड लोक आवडीने घेऊ लागले. चित्र घेणारा हजारात एक निघतो, ओढणी आणि पडदा घेणारे पुष्कळ.

त्या विक्रीतून जो पैसा आला त्यातला काही भाग बाजूला टाकून त्यांनी जमीन घेतली. मद्रासच्या दक्षिणेला इंजम्बाक्कम गावी, समुद्राकाठची, सुमारे दहा एकर. वाळूची जमीन, वर सुरूची झाडे. आपला सभासद ती फुकटसुद्धा घेणार नाही! १९६६ साली तेथे वस्ती सुरू झाली, नाव ठेवले चोळमंडल. चोळ राजांचा मुलूख म्हणून चोळमंडल. युरोपीयांनी त्याचेच कोरोमंडल केले. तीस-चाळीस कलावंत या कामात होते. सुरुवातीला झापांच्या झोपड्या बांधल्या. पोटासाठी हस्तकला करायची आणि उरलेल्या वेळात आपापले चित्र, आपापले शिल्प. मुंबईत जन्मलेले सुलतान अली त्यांच्यात होते. विश्वनाथन, सेनाधिपती, हरिदासन, वासुदेव हे होते. पणिक्करांचे चिरंजीव नंदगोपाल तांब्याच्या पत्र्याला वेल्डिंग करून शिल्पे करीत. पुढे त्यांनी उघडे नाट्यगृह बांधले, प्रदर्शनाची जागा बांधली. पणिक्कर १९७७ साली गेले. वस्ती मोडली नाही. २००९ साली तेथे मद्रासच्या त्या पिढीच्या कामाचे संग्रहालयही झाले.

यात आपल्या सभासदांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट कोणती? मला वाटते, भागभांडवल. आपल्या वडीलधाऱ्यांनी उसाच्या बिलातून कपात करून देऊन कारखान्याचे भाग घेतले. त्या मंडळींनी बाटिकच्या बिलातून कपात केली. आधी कमाई, मग जागा. कोणा शेठजीने बांधून दिलेले ते आश्रमस्थान नव्हते, म्हणून शेठजी गेल्यावर मोडलेही नाही. आपल्या भागात येऊ पाहणारा कलावंत जेव्हा म्हणतो की गावाने मला जागा फुकट द्यावी, मी गावात संस्कृती आणीन, तेव्हा त्याला चहा पाजावा आणि हे चोळमंडलचे उदाहरण सांगावे. संस्कृती आपल्याकडे आहे. भाडे किती देणार ते बोला.

मात्र चोळमंडलची दुसरीही बाजू आहे. शहर सोडून ते लोक गेले खरे, पण शहर त्यांच्या मागोमाग चालत आले. किनाऱ्याचा रस्ता मोठा झाला, बंगले आले, हॉटेले आली. २०११ साली इंजम्बाक्कम चेन्नई महापालिकेतच गेले. ज्या वाळूला कोणी विचारीत नव्हते तिचा भाव आज सामान्य माणसाला ऐकवत नाही. ज्या कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची ती किनारपट्टी होती त्यांतल्या किती जणांना त्या भावाचा लाभ झाला असेल, याचा अंदाज आपणच करावा. जमीन आधी विकली जाते, भाव नंतर वाढतो. मुंबई-पुण्याच्या आसपासच्या आपल्या पाहुण्यांना विचारा.

याहून स्पष्ट उदाहरण अमेरिकेतले आहे. टेक्सास राज्यात मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ मार्फा म्हणून लहानसे गाव आहे, २०२० च्या जनगणनेत वस्ती सुमारे अठराशे. म्हणजे आपल्या मध्यम गावाएवढे. भोवती माळरान, गुरांचे मोठमोठे कळप. गावाजवळ लष्कराचा तळ होता, तो दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाला. १९५० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला आणि गुरांचा धंदाही खचला. अशा उतरत्या गावात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड जड नावाचा शिल्पकार न्यूयॉर्कहून आला. न्यूयॉर्कमध्ये त्याचे पाच मजली घर होते, पैशाने तो गरीब नव्हता. त्याला शहराचा आणि तिथल्या कलेच्या बाजाराचा उबग आला होता. आपली कामे एकदा मांडली की कायमची तेथेच राहावीत, एवढी जागा त्याला पाहिजे होती. त्याने गावातल्या जुन्या इमारती घेतल्या, रानेही घेतली. एका संस्थेच्या पैशाने लष्कराच्या जुन्या शेडही मिळाल्या. त्यांतल्या दोन शेडमध्ये अॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या आहेत. बाहेरून सगळ्यांचे माप एकच, आतली रचना प्रत्येकीची निराळी. आमच्या गोदाम कीपरला हे वाचून दाखविले, तर तो म्हणाला, “साहेब, पोती नीट रचली की आमच्याकडंबी असंच दिसतं.” हसण्यावारी नेऊ नका, त्याला मुद्दा कळला होता. खिडक्यांतून ऊन फिरते तशी ती पेटी दर तासाला वेगळी दिसते, आणि ते बघायला लोक विमानाने, वर तीन तास मोटारीने तेथे जातात.

जड १९९४ साली वारला. त्यानंतर गावात गॅलऱ्या आल्या, हॉटेले आली, शहरातल्या पैसेवाल्यांना सुटीचे घर मार्फात पाहिजे असे झाले. रोजगार थोडा आला, हे नाकबूल करता येत नाही. पण घरांच्या किमती स्थानिक माणसाच्या हाताबाहेर गेल्या. तेथे गरिबांची घरे मातीच्या कच्च्या विटांची, आपल्या पांढरीच्या मातीच्या घरांसारखी. शहरी लोकांना तशा घरांचेच वेड लागले. मग कर आकारणाऱ्यांनी मातीच्या घरांचे मूल्य वाढवून धरले, आणि ज्याने घर विकले नाही, विकायचे मनातही आणले नाही, त्याची घरपट्टी वाढून बसली. बापाने चिखल तुडवून बांधलेले घर, आणि करापायी मुलाला ते पेलवेना. हे वाचल्यापासून मी जमिनीच्या बाबतीत पक्का झालो आहे.

आता आपल्याकडचे बघू. आपल्याकडे बिगर शेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ त्यासाठीच आहे. पण कायदा आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर घ्यायची, मागून बिनशेती करून घ्यायची, अशा वाटा दाखविणारे दलाल तालुक्याच्या कचेरीभोवती उभेच असतात. आणि गावठाणातल्या वाड्याला तर हा कायदा लागूच नाही. तेव्हा जमीन आणि वाडा राखायचा तो आपणच. दहा गुंठे गेले की पाटाची पाळी, विहिरीतला हिस्सा, बैलगाडीची वाट असे तीन तंटे मागे राहतात. पाच-पंचवीस वर्षांनी नातू विचारील, आपल्या शिवारात हे कुंपण कोणाचे?

वाड्याची गोष्ट निराळी. माझ्या गटातल्या गावांत मी सहज मोजदाद केली. प्रत्येक गावात तीन-चार तरी मोठे वाडे कुलूप लावून पडलेले आहेत. पोरे पुण्याला, म्हातारी माणसे मळ्यातल्या नव्या बंगल्यात. वाड्याची माळवदे गळतात, भिंतीत पिंपळ उगवतो. राहते घर पन्नास वर्षे टिकते, बंद घर दहा वर्षांत बसते. तेथे भाडेकरू आला, त्याने डागडुजी केली, संध्याकाळी दिवा लावला, तर वाड्याचे आयुष्य वाढले. याशिवाय आपल्या भागात कलावंताच्या कामाच्या अशा गोष्टी आहेत की त्या मुंबईत पैसे देऊनही मिळणार नाहीत. ट्रॉल्या बनविणारे फॅब्रिकेशनवाले गावोगाव आहेत. त्यांतले कित्येक असे वेल्डर आहेत की डोळे मिटून टाका मारतील. सुतार आहे, कुंभार आहे. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत वर्कशॉपवाल्याला कामही कमी. त्या पुण्याच्या मूर्तिकाराने आमच्या एका ट्रॉलीवाल्याकडून महिनाभर काम करून घेतले आणि रोख पैसे दिले. मी दोनदा जाऊन पाहिले. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत दोघेही राबत होते. तेव्हा ही माणसे रिकामटेकडी असतात, हा समज काढून टाकावा. बसून राहणारे असतातही. पण बसून राहणारे आपल्या पारावर काय कमी आहेत?

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा लाभ आणखी निराळा आहे. आपल्या गावात पूर्वी एक पेंटर असायचा. ट्रॅक्टरवर नाव, ट्रॉलीच्या फळीवर मोर, सोसायटीचा फलक, निवडणुकीत भिंती, गणपतीचे मखर, सगळे त्याच्या हातचे. फ्लेक्स आला आणि पेंटर बसला. त्याचा मुलगा चांगला हात असूनही शहरात जाऊन कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे फलक जुळवतो आहे. शाळांतून चित्रकलेचे शिक्षक नेमले जात नाहीत, म्हणून कला शिक्षक पदविका झालेली मुले उसाच्या गाडीवर क्लीनर झालेली मी पाहिली. अशा मुलाला आपल्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर, एक जाणता माणूस रोज काम करताना दिसला, तर त्याला आपला हात कशासाठी आहे हे कळेल. बेणेमळा आपण गावात का ठेवतो? सभासदाने येऊन डोळ्यांनी बघावे, बोटाने डोळा चाचपावा म्हणून. छापील पत्रकाने ते होत नाही.

आता आक्षेप. बहुतेक जण मला कानात सांगतात, उघड कोणी बोलत नाही. कोणाच्या ताटात काय, कोण कोणाबरोबर राहते, बाई एकटी कशी राहील, आणि शेवटी हळूच, “जात कंची?” सभासदांनो, दर ऑक्टोबरात बीड-नगरकडून हजारो तोडकरी माणसे आपल्या शिवारात येतात. आपला ऊस ती तोडतात, पाचटाच्या कोपीत पाच महिने राहतात, त्यांच्या बाया अंधारात मोळ्या डोक्यावर घेतात. ऊस तोडून घेताना आपण त्यांची जात विचारली नाही. त्यांना धड न्हाणीघरही दिले नाही, ते आणखी निराळे. मग दरमहा भाडे देणाऱ्याला जात विचारण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? भाडे वेळेवर देतो का, वाडा नीट ठेवतो का, रात्री-अपरात्री शेजाऱ्याला त्रास देतो का, एवढेच विचारावे. हेच तीन प्रश्न गावच्या भाडेकरूलाही विचारावेत.

येणाऱ्यांच्या बाबतीतही दोन शब्द लिहितो, कारण हे पत्रक कधी कधी त्यांच्याही हाती पडते. उसाच्या पट्ट्यात शांतता असते, ही समजूत सोडून यावे. हंगामात रात्री दोनला ट्रॅक्टर टेप लावून जाईल. मळीचा वास येईल. लाइट कधी दिवसा, कधी रात्री. गावच्या देवळाला रंग मारायला सांगतील, तो फुकटच मारावा लागेल. पण तुमच्या शिल्पासाठी माणूस लावला तर त्याची मजुरी शेताच्या मजुरीपेक्षा कमी धरू नये, आणि काम कोणी केले त्याचे नाव लिहावे. मार्फातल्या त्या १०० पेट्या दूर कनेक्टिकटच्या कारखान्यात तयार होऊन आल्या होत्या. त्यात गावच्या लोहाराचा हात नव्हता. येथे तसे नको.

माझी सूचना अशी. आपल्या कारखान्याचे जुन्या खताचे एक गोदाम गेली काही वर्षे रिकामे आहे. पत्रे बरे आहेत, उंची भरपूर, थ्री-फेजची लाइन शेजारून गेली आहे. ते विकण्याचा विचार कानावर आला. तसे न करता ते तीन वर्षांच्या करारावर, रीतसर भाड्याने, काम करणाऱ्या कलावंतांना द्यावे. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. सभासदांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस आत बसून शिकता यावे, ही अट त्यात घालावी. तीन वर्षांनी हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. पटले तर पुढे चालवावे, नाही तर गोदामात पुन्हा खत भरावे. ज्यांचे वाडे द्यायचे आहेत त्यांनी गट ऑफिसात येऊन कराराचा नमुना बघून जावा. आमच्या लेखनिकाने एक मसुदा साध्या मराठीत करून ठेवला आहे. त्यात डागडुजीचा खर्च कोणी करायचा, विजेचे बिल कोणाचे आणि वाडा विकत मागायचा नाही, ही तीन कलमे ठळक अक्षरांत आहेत.

या सूचनेवर ज्यांना बोलायचे असेल, अनुकूल असो वा प्रतिकूल, त्यांनी दोन ओळी लिहून चिटबॉयकडे दिल्या तरी चालतील. त्या मी संचालक मंडळापुढे ठेवीन. मात्र कागदाच्या वर गट नंबर आणि सभासद क्रमांक लिहावा, आणि त्याच खेपेला अडसालीची नोंद राहिली असेल तर तीही करून टाकावी.